डिसोझा, नेव्हिल

डिसोझा, नेव्हिल : (३ ऑगस्ट १९३२–१९८०). भारतीय फुटबॉलपटू व आघाडीच्या फळीतील कुशल गोलकर्ते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिक सामन्यांत ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी एकाच सामन्यात तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आशियाई खेळाडूने साधलेली ही पहिली हॅट्ट्रिक होय. त्या स्पर्धेत एकूण चार गोल करून सर्वाधिक गोल नोंदविणाऱ्या तीन खेळाडूंत त्यांनी बरोबरीचे स्थान मिळविले. भारतीय संघ उपान्त्य फेरीत पोहोचला व चौथ्या क्रमांकावर राहिला. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपान्त्य फेरीपर्यंत जाणारा तो पहिला आशियाई संघ. भारताची ऑलिंपिक फुटबॉलमधील ही सर्वोच्च कामगिरी अद्यापही अबाधित आहे.

जन्म व पार्श्वभूमी : डिसोझा यांचा जन्म गोव्यातील बार्देस तालुक्यात आसगाव येथे झाला. त्या वेळी गोवा पोर्तुगीज अंमलाखाली होता. याच तालुक्यातील शिवोली येथे १८८३ मध्ये विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मोपदेशकाने फुटबॉल आणल्याचे गोव्याच्या क्रीडा-इतिहासात नमूद आहे. चर्चसंलग्न शाळांमधून हा खेळ गावोगाव पसरला. भात कापून झाल्यावर मोकळी होणारी शेते ही गोव्याच्या खेड्यांतील मुलांची पहिली क्रीडांगणे ठरली.

गोव्यात उपजीविकेची साधने मर्यादित असल्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अनेक गोमंतकीय कुटुंबे मुंबईस आली. धोबी तलाव, माझगाव, गिरगाव या भागांत एकेका गावाची सामुदायिक निवासस्थाने निर्माण झाली, त्यांना ‘कूड’ म्हणत. जहाजांवर काम करणारे खलाशी, आचारी, वादक, कारकून अशा लोकांना तेथे स्वस्तात राहता येई. चर्च, सण-उत्सव, संगीत व नाटक यांबरोबरच फुटबॉलही या वस्त्यांच्या सामाजिक जीवनाचा भाग बनला. मुंबईच्या फुटबॉल संघांना गोमंतकीय खेळाडूंचा जो पुरवठा दीर्घकाळ होत राहिला, त्याचे मूळ या स्थलांतरात आहे. डिसोझा हे त्याच परंपरेतील खेळाडू होत. त्यांचे बंधू डेरिक डिसोझा हेही नामवंत फुटबॉलपटू होते.

डिसोझा यांनी १९५६ मध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले, तेव्हा त्यांचे जन्मगाव भारतीय संघराज्यात नव्हते. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी, म्हणजे मेलबर्न ऑलिंपिकनंतर पाच वर्षांनी. त्यामुळे गोव्यात जन्मलेल्या खेळाडूची क्रीडाजीवनातील वाटचाल मुंबईमार्गेच होणे अपरिहार्य होते.

मुंबईतील फुटबॉल : ब्रिटिश लष्करी पलटणींनी मुंबईत हा खेळ रुजविला. १८९१ मध्ये येथे रोव्हर्स करंडक स्पर्धा सुरू झाली. प्रारंभी तिच्यावर गोऱ्या पलटणींचेच वर्चस्व होते. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो करंडक जिंकला व भारतीय संघांच्या विजयांची परंपरा सुरू झाली. हारवूड लीग ही मुंबईची प्रमुख साखळी स्पर्धा व कूपरेज हे तिचे प्रमुख मैदान होते. स्वातंत्र्योत्तर काळात लष्करी पलटणींची जागा मोठ्या उद्योगसंस्था, रेल्वे, पोलीस व बँका यांच्या संघांनी घेतली. टाटा स्पोर्ट्‌स क्लब आणि काल्टेक्स हे त्यांपैकी बलाढ्य संघ होत.

डिसोझा हे टाटा स्पोर्ट्‌स क्लबचे खेळाडू होते. संस्थेच्या संघातून खेळणाऱ्यास त्याच संस्थेत नोकरी मिळे. वेतन नोकरीचे असे, खेळाचे नव्हे, त्यामुळे खेळाडू नियमांनुसार हौशीच राही. ऑलिंपिक सामन्यांत त्या काळी केवळ हौशी खेळाडूंनाच प्रवेश होता, म्हणून ही व्यवस्था भारताच्या पथ्यावर पडली. मात्र तिच्या मर्यादाही होत्या. सराव कामाच्या वेळा सांभाळून करावा लागे. वर्षभर चालणारे शास्त्रीय प्रशिक्षण, आहारतज्ञांचा सल्ला, दुखापतींवरील विशेष उपचार या गोष्टी जवळजवळ नव्हत्याच. तत्कालीन अनेक देशी स्पर्धांतील सामने ७० मिनिटांचे असत, तर आंतरराष्ट्रीय सामना ९० मिनिटांचा असे. शेवटच्या वीस मिनिटांतील दमछाक हे भारतीय संघाच्या परदेशांतील पराभवांचे एक कारण मानले जाते.

संतोष करंडकाच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत मुंबईच्या संघाने १९५४ च्या हंगामात प्रथमच विजेतेपद मिळविले. बंगाल व हैदराबाद यांच्याबरोबरीने मुंबई हेही या काळात भारतीय फुटबॉलचे एक प्रमुख केंद्र होते. डिसोझा यांची जडणघडण या काळातील आहे.

मध्य-आघाडीची भूमिका : डिसोझा हे मध्य-आघाडीचे, म्हणजे सेंटर फॉरवर्डच्या जागेवरील खेळाडू. तत्कालीन रचनेत आघाडीच्या फळीत पाच खेळाडू असत : दोन्ही कडांना एकेक, त्यांच्या आतील बाजूस दोन आणि मध्यभागी एक. मधल्या खेळाडूचे मुख्य काम गोल करणे हे असे. यासाठी केवळ जोरदार फटका पुरेसा नसतो. चेंडू कोठे येईल याचा सहकाऱ्यांच्या हालचालींवरून आगाऊ अंदाज बांधणे, बचाव करणाऱ्यांच्या नजरेआड राहून नेमक्या क्षणी मोकळ्या जागेत शिरणे, गोलरक्षकाच्या हातून वा गोलखांबावरून परतलेल्या चेंडूवर सर्वांच्या आधी पोहोचणे आणि डोक्याचा व दोन्ही पायांचा सारखाच उपयोग करणे, हे गुण त्याच्या ठायी असावे लागतात.

या भूमिकेचा विकास मध्य यूरोपात झाला. ऑस्ट्रियाच्या माटियास झिंडेलार (१९०३–३९) या खेळाडूने १९३० नंतरच्या दशकात मध्य-आघाडीच्या खेळास नवे वळण दिले. धिप्पाड देहयष्टीच्या बळावर धडक मारण्याऐवजी तो काहीसा मागे सरकून चेंडू खेळवी व सहकाऱ्यांना वाट करून देई. शरीराने तो इतका सडपातळ होता, की त्याला लोक ‘कागदी माणूस’ म्हणत. ह्यूगो माइझल यांच्या मार्गदर्शनाखालील ऑस्ट्रियाचा हा ‘अद्‌भुत संघ’ १९३४ च्या विश्वकरंडक स्पर्धेत उपान्त्य फेरीपर्यंत गेला. पुढे हंगेरीच्या नांडोर हिडेगकुटी याने हीच कल्पना अधिक परिणामकारक केली. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी हंगेरीने इंग्लंडला वेम्ब्ली येथे ६–३ असे हरविले, तेव्हा मागे राहणाऱ्या या मध्य-आघाडीच्या खेळाडूने तीन गोल केले. या सामन्यानंतर जगभरच्या प्रशिक्षकांनी आपापल्या संघरचनेचा फेरविचार केला. भारतात हे नवे विचार आत्मसात करणारे अग्रणी प्रशिक्षक म्हणजे सय्यद अब्दुल रहीम.

रहीम व भारतीय संघ : रहीम (१९०९–६३) हे हैदराबादचे. उस्मानिया विद्यापीठात शिकलेले आणि व्यवसायाने शिक्षक. त्यांच्या मार्गदर्शनाखाली हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला. चेंडू स्वतःजवळ फार वेळ न ठेवता एका-दोन स्पर्शांत सहकाऱ्याकडे सोपविणे, कमकुवत पायाचा सराव करणे आणि मोकळ्या जागेचा उपयोग करणे यांवर त्यांचा भर होता. चेंडू पायाशी घोळवत नेण्यास बंदी असलेल्या सरावस्पर्धाही त्यांनी भरविल्या. नांदेड, अर्धापूर, लातूर यांसह सर्व मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात होता, त्याच्या राजधानीने भारतीय फुटबॉलला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी होय. ते राज्य विलीन झाले, त्यानंतर बरोबर एक महिन्याने रहीम यांचा संघ मेलबर्नच्या मैदानात उतरला.

स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय संघाची प्रगती चढउतारांची होती. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारत फ्रान्सकडून १–२ असा निसटता हरला. त्या वेळी बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणी खेळले. १९५१ मध्ये नवी दिल्ली येथील पहिल्या आशियाई क्रीडासामन्यांत रहीम यांच्या संघाने इराणवर १–० असा विजय मिळवून सुवर्णपदक पटकाविले. परंतु १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये यूगोस्लाव्हियाने भारताचा १–१० असा दारुण पराभव केला. थंड हवामान, ओलसर मैदान आणि अनवाणी पाय यांचा मेळ बसणे शक्य नव्हते. या पराभवानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बूट वापरणे सक्तीचे केले. मेलबर्नला गेलेला संघ हा या बदलातून गेलेला संघ होता. बंगालचे समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी कर्णधार होते. उजव्या कडेला प्रदीपकुमार बॅनर्जी, आघाडीत कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू व गोलरक्षणास मुंबईचे एस. एस. नारायण असे खेळाडू संघात होते. हैदराबादचे तुलसीदास बलराम व नूर मुहंमद यांचाही संघात समावेश होता. मध्य-आघाडीस डिसोझा होते.

मेलबर्न ऑलिंपिक : १९५६ ची ही स्पर्धा राजकीय वादळात पार पडली. हंगेरीतील उठाव सोव्हिएट फौजांनी मोडून काढला होता आणि सुएझ कालव्यावरून युद्ध भडकले होते. अनेक देशांनी माघार घेतल्यामुळे फुटबॉल स्पर्धेत प्रत्यक्षात अकराच संघ खेळले. भारताचा पहिला सामना १९५२ चा विजेता हंगेरी याच्याशी ठरला होता, परंतु हंगेरीचा संघ न आल्याने भारतास पुढे चाल मिळाली.

उपान्त्यपूर्व फेरीत १ डिसेंबर १९५६ रोजी भारताची गाठ यजमान ऑस्ट्रेलियाशी पडली. ऑस्ट्रेलियाने पहिल्या फेरीत जपानला २–० असे हरविले होते. नवव्या मिनिटाला समर बॅनर्जी यांचा फटका आडव्या दांडीवर आदळून परतला व डिसोझा यांनी तो चेंडू डोक्याने गोलात धाडला. सतराव्या मिनिटाला ब्रूस मॉरो याने बरोबरी साधली. तेहेतिसाव्या मिनिटाला प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी उजव्या कडेने दिलेल्या चेंडूवर डिसोझा यांनी दुसरा गोल केला. एकेचाळिसाव्या मिनिटाला मॉरो याने पुन्हा बरोबरी केली. मध्यंतरास २–२ अशी स्थिती होती. उत्तरार्धास प्रारंभ होताच, पन्नासाव्या मिनिटाला, डिसोझा यांनी तिसरा गोल करून भारतास पुन्हा आघाडी मिळवून दिली. ऐंशीव्या मिनिटाला किट्टू यांनी चौथा गोल केला आणि सामना ४–२ असा संपला.

या सामन्यात भारताने तीनदा आघाडी घेतली व तिन्ही वेळा ती डिसोझा यांच्या गोलाने मिळाली. यजमानांनी दोनदा बरोबरी केल्यानंतरही संघ खचला नाही. हा विजय केवळ दैवयोगाचा नव्हता, याचा पुरावा लवकरच मिळाला. ऑलिंपिक स्पर्धा संपल्यावर १२ डिसेंबर रोजी सिडनी येथे याच दोन देशांत झालेला सामना भारताने ७–१ असा जिंकला.

उपान्त्य सामना ४ डिसेंबर रोजी यूगोस्लाव्हियाशी झाला. चार वर्षांपूर्वी भारतावर दहा गोल चढविणारा हाच देश. पूर्वार्धात एकही गोल झाला नाही. बावन्नाव्या मिनिटाला डिसोझा यांनी गोल केला व भारत १–० असा पुढे गेला. ही आघाडी दोनच मिनिटे टिकली. चोपन्नाव्या मिनिटाला पापेच याने बरोबरी साधली, सत्तावन्नाव्या मिनिटाला व्हेसेलिनोविच याने यूगोस्लाव्हियाला आघाडी मिळवून दिली आणि पासष्टाव्या मिनिटाला पापेच याने तिसरा गोल केला. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला मुहंमद सलाम यांच्याकडून स्वयंगोल झाला. अंतिम गोलसंख्या ४–१ अशी झाली. यूगोस्लाव्हियाचे तिन्ही निर्णायक गोल अवघ्या अकरा मिनिटांत झाले. १९५२ चा १–१० हा निकाल आणि १९५६ चा पूर्वार्ध यांची तुलना केली, म्हणजे चार वर्षांत संघाने केवढा पल्ला गाठला होता हे स्पष्ट होते. त्याचबरोबर सर्वोच्च पातळीवर पाऊण तास बरोबरीने खेळणे व संपूर्ण दीड तास टिकणे यांतील अंतरही याच सामन्यात दिसते.

तिसऱ्या क्रमांकासाठी ७ डिसेंबर रोजी झालेल्या सामन्यात बल्गेरियाने भारतास ३–० असे हरविले. कांस्यपदक हुकले. सोव्हिएट संघाने अंतिम सामन्यात यूगोस्लाव्हियाला १–० असे हरवून सुवर्णपदक मिळविले.

गोलांचे मोल : या स्पर्धेत डिसोझा, यूगोस्लाव्हियाचा टोडोर व्हेसेलिनोविच व बल्गेरियाचा दिमितर मिलानोव्ह या तिघांनी प्रत्येकी चार गोल केले. तिघांच्या गोलांची विभागणी योगायोगाने सारखीच आहे. प्रत्येकाने एका सामन्यात तीन गोल केले (व्हेसेलिनोविच याने अमेरिकेविरुद्ध, मिलानोव्ह याने ग्रेट ब्रिटनविरुद्ध) आणि चौथा गोल भारत खेळत असलेल्या सामन्यात नोंदविला. परंतु यूगोस्लाव्हियाने अमेरिकेवर ९–१ व बल्गेरियाने ब्रिटनवर ६–१ असा विजय मिळविला होता. डिसोझा यांचे तीन गोल मात्र अटीतटीच्या सामन्यात, संघ बरोबरीत असताना झाले. विजयाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व म्हणूनच अधिक आहे.

भारताने १९४८ ते १९६० या काळात चार ऑलिंपिक स्पर्धांत मिळून आठ सामने खेळले व दहा गोल केले. त्या दहांपैकी चार गोल एकट्या डिसोझा यांचे आहेत. तसेच या आठ सामन्यांपैकी मैदानात मिळविलेला एकमेव विजय हा ऑस्ट्रेलियावरील विजय होय. १९६० च्या रोम ऑलिंपिकनंतर भारतीय पुरुष संघ या स्पर्धेस पात्र ठरलेला नाही. त्यामुळे हे आकडे आजही तसेच आहेत.

आशियाई खेळाडूंपैकी पुढे जपानच्या कुनिशिगे कामामोतो याने १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये नायजेरियाविरुद्ध तीन गोल केले, स्पर्धेत एकूण सात गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळविला व जपानने कांस्यपदक जिंकले. १९५६ मध्ये ऑस्ट्रेलियाकडून पहिल्याच फेरीत हरलेला जपान बारा वर्षांत पदकापर्यंत पोहोचला. त्याच ऑस्ट्रेलियाला हरविणारा भारत मात्र तोवर ऑलिंपिकमधून बाहेर पडला होता.

मेलबर्ननंतर : डिसोझा यांची आंतरराष्ट्रीय कीर्ती मुख्यतः या एका आठवड्यातील तीन सामन्यांवर उभी आहे. रहीम यांनी पुढे प्रदीपकुमार बॅनर्जी, चुनी गोस्वामी व तुलसीदास बलराम या तरुण आघाडीपटूंना हाताशी धरून नवा संघ घडविला. १९६० च्या रोम ऑलिंपिक संघात डिसोझा नव्हते. रोममध्ये भारताने फ्रान्सशी १–१ अशी बरोबरी केली, परंतु हंगेरी व पेरू यांच्याकडून तो हरला. १९६२ मध्ये जाकार्ता येथील आशियाई क्रीडासामन्यांत भारताने दक्षिण कोरियाचा २–१ असा पराभव करून दुसरे सुवर्णपदक मिळविले. त्या संघात टाटा स्पोर्ट्‌स क्लबचेच, बार्देस तालुक्यातील कोलवाळचे फोर्तुनातो फ्रँको होते. मुंबईच्या मैदानांवरील गोमंतकीय परंपरा अशा रीतीने पुढे चालू राहिली. १९६३ मध्ये रहीम यांचे निधन झाले व भारतीय फुटबॉलचे हे पर्व संपले. १९८० मध्ये वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास डिसोझा यांचेही निधन झाले.

एका तुलनेचा बोध : एखाद्या गोलकर्त्याचे नाव एकाच सामन्याशी कायमचे जोडले जावे, हा प्रकार इतर देशांतही आढळतो. ऑस्ट्रियाचा निवृत्त आघाडीपटू हान्स क्रांक्ल (जन्म १४ फेब्रुवारी १९५३) हे त्याचे ठळक उदाहरण होय. २१ जून १९७८ रोजी आर्जेंटिनातील कोर्दोबा येथे विश्वकरंडक स्पर्धेत ऑस्ट्रियाने जगज्जेत्या पश्चिम जर्मनीस ३–२ असे हरविले. त्यांपैकी विजयी गोलासह दोन गोल क्रांक्ल याचे होते. ऑस्ट्रिया त्या स्पर्धेत पुढील फेरीत जाऊ शकला नाही, तरी ‘कोर्दोबा’ हा शब्द तेथील लोकांच्या बोलण्यात कायमचा रुजला.

परंतु क्रांक्ल याचे क्रीडाजीवन त्या सामन्यापुरते सीमित राहिले नाही. १९७७-७८ च्या हंगामात रापिड व्हिएन्ना या संघाकडून साखळी स्पर्धेत ४१ गोल करून त्याने यूरोपातील सर्वाधिक गोलांचा ‘सुवर्ण बूट’ हा मान मिळविला होता. लगेचच बार्सेलोना या स्पॅनिश संघाने त्याला करारबद्ध केले. तेथे पहिल्याच हंगामात २९ गोल करून तो स्पॅनिश साखळीत अग्रस्थानी राहिला व १९७९ मध्ये त्या संघाने यूरोपीय करंडकविजेत्यांची स्पर्धा जिंकली. राष्ट्रीय संघाकडून ६९ सामन्यांत ३४ गोल, त्यानंतर प्रशिक्षकपद आणि २००२ ते २००५ या काळात राष्ट्रीय संघाचे मार्गदर्शन, असा त्याचा क्रम आहे.

दोघांतील फरक केवळ व्यक्तिगत गुणवत्तेचा मानता येत नाही. क्रांक्लच्या मागे व्यावसायिक साखळी, प्रतिवर्षी होणारे ठरावीक सामने, परदेशी संघांची मागणी व निवृत्तीनंतर प्रशिक्षकाचा व्यवसाय अशी सुसंघटित व्यवस्था होती. डिसोझा यांच्यासमोर मेलबर्नहून परतल्यावर कचेरीतील नोकरी, कूपरेजचे मैदान आणि काही करंडक स्पर्धा एवढेच क्षेत्र होते. भारतात सर्व देशासाठी असलेली राष्ट्रीय साखळी स्पर्धा १९९६ मध्ये, म्हणजे मेलबर्ननंतर चाळीस वर्षांनी, सुरू झाली. खेळाडूच्या एका आठवड्यातील पराक्रमाचे रूपांतर दीर्घ क्रीडाजीवनात व देशाच्या स्थायी प्रगतीत व्हावे, यासाठी जी यंत्रणा लागते, तिचा अभाव हेच १९५६ च्या यशाच्या एकाकीपणाचे प्रमुख कारण होय.

मानसन्मान व वारसा : केंद्र शासनाचा अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला. फुटबॉलमधील त्याचे पहिले मानकरी प्रदीपकुमार बॅनर्जी हे होते. डिसोझा यांचे नाव या पुरस्काराच्या मानकऱ्यांत आढळत नाही. पुरस्कार सुरू झाला, तेव्हा त्यांच्या सर्वोत्तम कामगिरीस पाच वर्षे उलटून गेली होती आणि नवे खेळाडू प्रकाशात आले होते. मुंबईत वांद्रे येथील एका फुटबॉल मैदानास त्यांचे नाव देण्यात आले असून तेथे स्थानिक साखळी सामने होतात. रहीम यांच्या जीवनावरील मैदान या हिंदी चित्रपटामुळे (२०२४) या कालखंडाकडे पुन्हा एकदा लोकांचे लक्ष वेधले गेले.

गोवा मुक्त झाल्यानंतर तेथील खेळाडूंना मुंबईस येण्याची गरज हळूहळू कमी झाली. साळगावकर, धेंपो यांसारखे बलाढ्य संघ गोव्यातच उभे राहिले. गोव्याच्या संघाने १९८२-८३ मध्ये बंगालसमवेत संयुक्तपणे व पुढील वर्षी स्वतंत्रपणे संतोष करंडक जिंकला. साळगावकर संघाने १९९८-९९ मध्ये राष्ट्रीय साखळी स्पर्धेचे विजेतेपद मिळविले. मुंबईतील संस्थांच्या संघांचे महत्त्व मात्र ओसरत गेले आणि रोव्हर्स करंडक स्पर्धाही पुढे बंद पडली. ज्या व्यवस्थेने डिसोझा यांच्यासारखा खेळाडू घडविला, ती आज अस्तित्वात नाही. गोव्यातील खेडे, मुंबईतील उद्योगसंस्था आणि हैदराबादी प्रशिक्षक यांच्या संयोगातून भारतीय फुटबॉलने गाठलेली उंची त्यांच्या चार ऑलिंपिक गोलांत नोंदली गेली आहे.